पौर्णिमेनंतर संध्याकाळचा चंद्र जातो कुठं? लेकीची वही अडली आहे

औसारोडची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न बालिश वाटेल, पण आमच्या घरात तीन दिवसांपासून यावरून रुसवेफुगवे चालू आहेत.

लेक पाचवीत. शाळेतून एक कागद आला, त्यावर तीस गोल छापलेले. रोज चंद्र बघायचा, उजेड दिसेल तेवढा भाग पांढरा ठेवायचा, बाकीचा पेन्सिलीनं काळा करायचा. एक तारखेपासून सुरू केलं. पहिले पाच-सहा दिवस मजेत गेले. सात वाजता गच्चीवर जायचं, चंद्र समोर हजर. त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावले तेव्हा तर शेजारच्या टाकीमागून परातीएवढा वर आला. त्यानंतर मात्र रोज उशीर. संकष्टीला मी चंद्र बघूनच जेवते, म्हणून तो गोल भरला. पुढं साडेनऊ-दहा व्हायला लागले आणि पोरगी त्याआधीच पेंगते. तीन गोल कोरे आहेत.

तिचे बाबा म्हणाले, नेटवर सगळ्या महिन्याची चित्रं आहेत, बघून उतरवून टाक. तर ती म्हणते, "मी बघितलाच नाही, मग कसा काढू?" यावर घरात कुणाकडं उत्तर नाही. त्यात काल सकाळी आठला रिक्षात बसताना तिनं वर बोट दाखवलं. लख्ख उन्हात अर्धा चंद्र, पांढराफटक! सासूबाई म्हणाल्या, रात्रीचा राहिलेला असतो तो.

तर चंद्र नेमका जातो कुठं, आणि दहा वर्षांच्या पोरीला झेपेल अशा कुठल्या वेळेला बघायचा? दुसरं म्हणजे कॅलेंडरवर तिथी दुपारी दोन-अडीचलाच कशी बदलते? आणि माझी नणंद ठाण्याला असते, तिचा संकष्टीचा चंद्रोदय आमच्या लातूरपेक्षा पंधरा मिनिटं उशिरा. चंद्र एकच आहे ना?

बार्शीनाका

ॲप टाका ताई. फोन आभाळाकडं धरला की चंद्र कुठं आहे ते दाखवतं, जमिनीखाली असला तरी. विषय संपला.

रात्रीची_लाईट

विषय नाही संपला भाऊ. पोरगी बरोबर बोलली. न बघता काढायचा असेल तर कागद शाळेनंच भरून द्यायचा होता की.

ताई, मी बारावी झालेला माणूस, खगोलशास्त्र काही येत नाही. पण गेला मार्गशीर्ष अख्खा मी चंद्राच्या मागं होतो, तेही हौसेनं नाही. औसा तालुक्यात रान आहे, त्यात दोन एकर गहू होता. आमच्याकडं फेज म्हणलं की थ्री फेज, चंद्राचे फेज नंतर. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बाराला उठून मोटर चालू करायची आणि उजाडेपर्यंत दारं धरायची, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात, साऱ्यात वळवत राहायचं. एका हातात खोरं, बॅटरी काखेत. चांदणं असलं की पाणी चमकतं, सारा कुठं फुटला ते लांबून कळतं, बांधावर काही सरपटलं तर तेही दिसतं. अंधार असला की प्रत्येक पाऊल देवाचं नाव घेऊन.

म्हणून लिहून ठेवायला लागलो, कुठल्या रात्री चंद्र किती वाजता. वही कुठली आणायची रानात? स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं की आतली बाजू कोरी असते, तिथं खडूनं.

तुमच्या लेकीचा घोळ एक तारखेत आहे. चंद्राला एक तारीख ठाऊक नाही. त्याचा महिना अमावस्येला संपतो. मी कार्तिकातली अमावस्या झाल्यावर सुरू केलं. पहिल्या दिवशी, प्रतिपदेला, काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य बुडून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, पश्चिमेच्या बांधावरच्या बाभळीत नखाएवढी कोर. बीजेची. बैल बांधून परत बघतो तर गेली. त्या दिवसापासून ठरवलं, रोज त्याच जागी, विहिरीच्या कठड्यापाशी, त्याच वेळेला उभं राहायचं. दिवस मावळायला.

हे केलं ना, की सगळं उलगडतं. दुसरं काही करू नका, जागा आणि वेळ तेवढी बदलू नका. बीजेला बाभळीत असलेला चंद्र चौथीला बाभळीच्या पार वर, सहाव्या दिवशी (चंपाषष्ठी होती, घरात वांग्याचं भरीत-रोडगा) आणखी वर, अष्टमीला दिवस मावळताना जवळजवळ डोक्यावर आणि बरोब्बर अर्धा. एकादशीला तो डोकं ओलांडून पूर्वेकडं उतरला. पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, इकडं पश्चिमेला सूर्य बुडतोय आणि तिकडं पूर्वेला शेजाऱ्याच्या उसातून चंद्र निघतोय, मी मधे. रात्रभरात चंद्र पश्चिमेकडंच जातो, ते सगळ्यांना दिसतं. पण रोज एकाच वेळेला बघितलं तर तो रोज थोडा पूर्वेकडं मागं सरकलेला असतो. चाळीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

किती सरकतो ते मुठीनं मोजलं. हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा, मूठ आभाळावर ठेवायची. रोज एक मूठ आणि वर अंगठा, एवढा तो सरकतो. लेकीचा हात आखूड असला तरी मूठही बारकी असते, हिशोब तोच बसतो.

आता तुमचा दुपारी अडीचचा प्रश्न. आमच्या गावात पंचांग सांगणारे एक काका आहेत, त्यांना मी मुठीचं सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, अरे तीच तिथी. मी आजवर तिथीला तारखेसारखं धरत होतो, रात्री बाराला नाही तर सकाळी बदलणारी. तसं नाही ते. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्रापर्यंतचं अंतर. आभाळाचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा, त्याचे तीस भाग, एकेक १२ अंशांचा. ताणलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश, अंगठा २. दिवस मावळताना सूर्याच्या जागेपासून चंद्रापर्यंत मूठ-अंगठा, मूठ-अंगठा करत जायचं. चार पूर्ण होऊन पाचवा चालू असला की पंचमी. मी करून बघितलं, एखाद्या तिथीनं चुकतो, जास्त नाही. आणि हे अंतर १२ च्या रेघेला कधी पोचेल त्याला दुपार काय अन् रात्र काय. म्हणून अडीच वाजता बदलते. सूर्य उगवताना जी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी म्हणायची, एवढाच करार.

आता वद्यपक्ष, म्हणजे तुमचे कोरे गोल. पौर्णिमेच्या पुढं चंद्र सूर्यापासून अर्ध्या आभाळाच्या पलीकडं गेलेला असतो, मग दिवस मावळताना तो उगवलेलाच नसतो. रोज पाऊण-एक तास उशीर. आठ दिवसांनी उगवायलाच मध्यरात्र. माझी रात्रीची पाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. बाराला मोटर चालू केली तेव्हा गडद अंधार, आणि सव्वाबाराच्या पुढं उसाच्या शेंड्यांतून तांब्याच्या रंगाचा अर्धा चंद्र. तिथून सकाळपर्यंत बॅटरी लागली नाही. सहाला दूध घालायला निघालो तेव्हा तो डोक्यावर होता, आणि शाळेची पोरं बाहेर पडली तेव्हाही तिथंच, पांढरा पडलेला. सासूबाईंना सांगा, रात्रीचा राहिलेला नाही, ताजा आहे. मध्यरात्री उगवलाय, दुपारी मावळणार.

तर वद्यात गच्चीवर संध्याकाळी नका जाऊ, सकाळी जा. शुद्धात संध्याकाळ, वद्यात सकाळ. उद्यापासून पोरगी रिक्षात बसायच्या आधी दोन मिनिटं वर बघू दे. राहिलेले तीन गोल कोरेच ठेवा, खाली लिहा "झोप लागली". खरं आहे ते.

पुढं रोज सकाळी तो बारीक होत पूर्वेला सूर्याकडं सरकत जाईल. तेराव्या-चौदाव्या दिवशी उजाडायच्या आत उठवा तिला. कोर तेवढी उजळ, पण तिच्या कुशीत बाकीचा चंद्रही राखाडी-राखाडी दिसतो, पृथ्वीची सावली पडलेली असते ती. आणि मग येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, तेव्हा चंद्रच नाही. आमचा महिना असा रानातच संपला, कडब्याच्या कोपीत, भज्जी-उंडे आणि आंबील घेऊन. लोक अमावस्येला घाबरतात म्हणे. आमचे दोन्ही मोठे सण, पोळा आणि येळवस, अमावस्येलाच असतात.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही. पौर्णिमेच्या रात्री बारा-सव्वाबाराला चंद्र ऐन माथ्यावर असताना मी सरळ उभा होतो, तर माझी सावली वीतभर-दीड वीत, आणि ती दक्षिणेला. दिवसा त्याच दिवसांत सावली उत्तरेला पडते. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

मोसंबीवाले_सर

जालन्याहून. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण स्टार्टरच्या झाकणावर चंद्राची नोंदवही केलेली आज पहिल्यांदा ऐकतोय. दादा, सगळं ठीक, एकच दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची, कारण नववी-दहावीतली मुलंही तिथंच चुकतात. चंद्राचा काळा भाग पृथ्वीच्या सावलीचा नाही.

तुमच्याच नोंदीवरून बघा. अष्टमीला सूर्य पश्चिमेला बुडत होता आणि अर्धा चंद्र डोक्यावर होता. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या उलट बाजूला पडणार, म्हणजे तेव्हा पूर्वेला. ती डोक्यावरच्या चंद्रावर कशी पडेल? चंद्राची सूर्याकडची अर्धी बाजू कायम उजळलेलीच असते, आपण ती कधी समोरून बघतो, कधी कडेनं. सावली पडते ती फक्त ग्रहणात, तेही काही पौर्णिमांनाच, कारण चंद्राची वाट सुमारे ५ अंश कलती आहे आणि बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. आणि कोरीच्या कुशीतला तो राखाडी उजेड म्हणजे सावलीच्या अगदी उलट गोष्ट आहे. पृथ्वीवरून परतलेलं ऊन चंद्रावर पडतं, ते आपल्याला दिसतं. चंद्रावर कुणी उभं असतं तर त्याला तेव्हा आभाळात जवळजवळ पूर्ण पृथ्वी दिसली असती. तिकडचं चांदणंच म्हणा.

ताई, लेकीला हे पटवायला पुस्तक नको. सकाळी आठला चंद्र दिसेल तेव्हा उन्हात उभं राहून एक मोसंबी चंद्राच्या शेजारी येईल अशी हात लांब करून धरायला सांगा. मोसंबीवर उजेड-अंधाराची जी रेघ दिसेल तशीच चंद्रावर असते. मी दरवर्षी वर्गाला अंगणात नेऊन हे करायचो. नंतर मोसंबी कोण खाणार यावरून होणारी भांडणं वेगळी.

दादा, तुमची दक्षिणेकडची सावली. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला गेलेला, म्हणून चंद्र उत्तरेला. साधारण सूर्य उन्हाळ्यात जातो तिथंच, २३.५ अंशांपर्यंत. त्यात ती ५ अंशांची कलती वाट कधी भर घालते, कधी वजा करते. १८.६ वर्षांचा फेरा आहे तो. २०२४-२५ च्या सुमारास भर पूर्ण होती, चंद्र २८.५ अंशांपर्यंत उत्तरेला जात होता. लातूर १८.४ अंशांवर. म्हणजे तो तुमचा माथा ओलांडून दहा अंश पलीकडं गेला आणि सावली दक्षिणेला पडली. त्यानंतर सव्वानऊ-एक वर्षांनी वजाबाकी असेल तेव्हा १८.५ पर्यंतच जाईल, आणि हिवाळ्यातला चंद्र लातूरच्या बरोबर माथ्यावरून सरकेल. तेव्हाही गहू केलात तर सावली मोजा.

ठाण्याच्या नणंदबाईंचं सोपं आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, लातूर मुंबई-ठाण्याच्या साडेतीन-पावणेचार अंश पूर्वेला. आलीच पंधरा मिनिटं. सूर्यही लातूरला तितकाच आधी उगवतो, पण त्यावर कुणाचं जेवण अडलेलं नसतं म्हणून लक्षात येत नाही.

आणि तीस गोल छापलेत, पण अमावस्येपासून अमावस्येपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं लागतात. शेवटचा गोल कधी उरेल, कधी नाही.

किल्ल्याजवळचा

उदगीरहून सलाम. ताई, आमच्या घरात हा अभ्यास दरवर्षी होतो, कागद न देता. शाबानची, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याची, २९ तारीख आली की मगरिबनंतर (दिवस मावळतानाच्या नमाजनंतर) सगळी गल्ली गच्चीवर, तोंडं पश्चिमेला. दिसला तर उद्या रोजा, नाही तर तीस पुरे करायचे. अब्बांची नजर साठीतही अशी की आम्ही "कुठं, कुठं" करत बसायचो आणि ते खाली जाऊन चहा मागायचे. आमचा महिना कोर दिसल्यावर लागतो, तुमचा अमावस्या संपल्यावर, म्हणून एक-दोन दिवसांचं अंतर. आणि आमच्यात अधिक महिना नाही. बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. मी लहानपणी भर उन्हाळ्यात रोजे धरलेत, थंडीतही धरलेत. तुमची दिवाळी काही उन्हाळ्यात येत नाही.

मोसंबीवाले_सर

भाई, तेच तर. ते दहा-अकरा दिवस साठवून आम्ही साधारण पावणेतीन वर्षांनी अख्खा महिना जोडतो. २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरीला त्या महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि जावयांची चंगळ. मी दोनदा धोंडे खाऊन आजारी पडलोय.

रात्रीची_लाईट

सर, सावलीचं मान्य. गेलं वर्षभर मी हे गावात पाच-सहा जणांना ठासून सांगितलंय, आता प्रत्येकाकडं जाऊन माघार घ्यावी लागणार. पंचांगवाल्या काकांनी मात्र तेव्हा मला टोकलं नाही, त्यांना विचारतो.

औसारोडची_आई

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

सकाळचं सुरू केलं. मोसंबी नव्हती, लिंबू धरलं, तेही चाललं. पोरगी अर्धा मिनिट काही बोलली नाही, मग "आई, सेम टू सेम!" म्हणून ओरडली. रिक्षावाले मामा खाली उतरून बघून गेले. वद्य चतुर्दशीला पाच वाजता उठवलं, पण पूर्वेला समोरची इमारत आडवी. दादा, तुमच्यासारखं मोकळं रान नाही इथं. मग दोघी पाण्याच्या टाकीवर चढलो (तिच्या बाबांना सांगितलेलं नाही) आणि दिसली कोर, राखाडी भागासकट.

जुना कागद तसाच ठेवला आणि अमावस्येनंतर नवा सुरू केला, एका वहीत, तीस नाही तर जितके होतील तितके गोल. मूठ-अंगठा रोज चालू आहे. षष्ठीला तिनं सप्तमी मोजली, बाकी ठीक. बाईंनी जुन्या कागदावरचं "झोप लागली" वाचून गुण कापले नाहीत, खाली "छान" लिहिलं, म्हणून आमच्याकडं सध्या शांतता आहे.

परवा दत्तजयंतीला मात्र नवीनच निघालं. संध्याकाळी चंद्र उगवला तेव्हा तिनं वहीत त्यातला ससाही काढला. पहाटे मी पाण्याला उठले, तर तीही उठली आणि पश्चिमेला मावळतीच्या चंद्रावरून परत ससा काढला. दोन चित्रं शेजारी ठेवली तर ससा चक्क उलटा झालाय, पाय वर. मी म्हटलं वही फिरवून धरली असशील. ती ऐकायला तयार नाही.

रात्रीची_लाईट

पोरीवर विश्वास ठेवा. मी चंद्र किती वाजता निघतो तेवढंच बघत होतो, सशाकडं कधी नीट बघितलंच नाही. आज लाईट रात्रीचीच आहे आणि चंद्रही अजून मोठा आहे. बाराला एकदा बघतो, सहाला एकदा, आणि झाकणावर काढून ठेवतो. ससा येत नाही मला काढायला, पण कान कुठल्या बाजूला आहेत ते कळेल.

येळवसला रान मोकळंच आहे, लेकीला घेऊन या. चंद्र नसेल, भज्जी असेल.